‘काही आजार आहे का?’ : दातांच्या दवाखान्यातल्या एका फॉर्मचा इतिहास

नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं लेखी रूप. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं’ आणि मागच्या रिक्षांचे हॉर्न काढून टाकलेत.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, काय राव, हाही इतिहास असतो का? आज आपण राजे, लढाया, किल्ले यांतलं काहीच बघणार नाही. आज आपण एक फॉर्म बघणार आहोत. डेंटिस्टकडे पहिल्यांदा गेलं की रिसेप्शनवर हातात देतात तो. पूर्वी कागद आणि दोऱ्याने बांधलेलं पेन असायचं, आता टॅबलेट असतो किंवा व्हॉट्सॲपवर लिंक येते. बीपी आहे का, शुगर आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कावीळ झाली होती का, गरोदर आहात का, कसली गोळी चालू आहे. आणि आपण काय करतो? दाढ ठणकत असते, गाल सुजलेला असतो, आपण सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’ करतो, खाली सही ठोकतो आणि मोकळे होतो.

पण त्या प्रत्येक प्रश्नाला एक जन्मतारीख आहे. कुणाला तरी काहीतरी झालं, मग तो प्रश्न आला. आणि आज हे प्रश्न ठरवतं कोण? तर बऱ्याचदा दवाखान्यातला एक माणूस, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन. कुठला चौकोन ठेवायचा, कुठला काढायचा, कुठल्या उत्तरावर लाल पट्टी दिसली पाहिजे, हे तो ठरवतो. काम कंटाळवाणं आहे, पण त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. कसा, ते बघू.

दात वेगळे, माणूस वेगळा

मुळात एक प्रश्न. दात दुखतोय, तर डेंटिस्टला माझ्या हृदयाशी काय देणंघेणं? हा प्रश्न आपल्याला पडतो याचंही एक ऐतिहासिक कारण आहे.

१८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जगातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू झालं, ‘बाल्टिमोर कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी’. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक. दंतवैद्यकाला त्यामुळे स्वतःचं कॉलेज मिळालं, स्वतःची पदवी मिळाली, मान मिळाला. पण एक गोष्ट घडली. दातांचा डॉक्टर आणि बाकी शरीराचा डॉक्टर वेगवेगळ्या इमारतींत शिकायला लागले. हाच साचा पुढे जगभर गेला. आपल्याकडे १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात डेंटल कॉलेज काढलं, १९४८ मध्ये डेंटिस्ट कायदा झाला, आणि इथेही दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

कॉलेजं वेगळी झाली, पण रक्त काही वेगळं झालं नाही. हिरडीतून जे रक्त जातं तेच हृदयात जातं. दाढेजवळ टोचलेलं इंजेक्शन दाढेपुरतं राहत नाही. मग दोन्ही बाजूंना जोडणारा काहीतरी पूल हवाच. तो पूल म्हणजे हा फॉर्म. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वह्या, फाइल आणि १९५ प्रश्न

रुग्णाला प्रश्न विचारणं ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या आयुर्वेदात रुग्णाची परीक्षा तीन प्रकारांनी करायला सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. म्हणजे बघा, हात लावा आणि विचारा. पण वैद्याने विचारलं, रुग्णाने सांगितलं, ते वैद्याच्या डोक्यात राहिलं. ते कागदावर, ठरावीक जागी, दुसऱ्याला वाचता येईल असं लिहून ठेवणं ही फार अलीकडची सवय आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नावाजलेल्या दवाखान्यांतसुद्धा प्रत्येक डॉक्टरची आपापली वही असायची. एकच माणूस तीन डॉक्टरांकडे गेला की त्याची माहिती तीन वह्यांत विखुरलेली. १९०७ साली मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी हे मोडलं. प्रत्येक रुग्णाला एक नंबर, आणि त्या नंबराची एकच फाइल. कुठलाही डॉक्टर असो, लिहायचं त्याच फाइलमध्ये. आज आपल्याला वाटतं, यात काय विशेष? पण आज दवाखान्यात तुमचा मोबाइल नंबर टाकला की सगळं समोर येतं, त्याची सुरुवात इथे आहे.

पुढची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने ठरवलं की रुग्णालयांसाठी काही किमान नियम हवेत. त्यातला एक होता, प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवा, त्यात पूर्वीच्या आजारांची आणि घरच्यांच्या आजारांची माहितीही असू द्या. त्यांनी १०० किंवा जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. पास किती झाली? फक्त ८९. नापास झालेल्यांत मोठमोठी नावं होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलमध्ये निकाल जमला, आणि ती यादी बाहेर फुटू नये म्हणून हॉटेलच्याच भट्टीत जाळून टाकली! पण नियम राहिला. नोंद ठेवणं ही डॉक्टरची मर्जी न राहता कर्तव्य झालं.

आता फॉर्म रुग्णाच्या हातात कधी आला? १९४९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातल्या मंडळींनी ‘कॉर्नेल मेडिकल इंडेक्स’ प्रसिद्ध केला. कीव्ह ब्रॉडमन हे त्यातलं मुख्य नाव. त्यात १९५ प्रश्न होते, साध्या भाषेत, आणि उत्तर म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ला गोल करायचं. डॉक्टर समोर नाही, रुग्ण एकटा बसून भरतोय. डॉक्टरचा वेळ वाचला आणि विचारायचं काही विसरलं असं होईना. आज आपण टॅबलेटवर जे ‘हो-नाही’ दाबतो, त्याचे हे आजोबा.

पण बघा, इथेच एक गोम आहे. १९५ प्रश्न, आणि प्रत्येकाला दोनच उत्तरं. ‘मला माहीत नाही’ म्हणायची सोय नाही. ‘मला हा प्रश्नच कळला नाही’ म्हणायची तर नाहीच नाही. ही गोम धरून ठेवा.

प्रत्येक प्रश्नाची जन्मतारीख

आता दातांच्या फॉर्मकडे येऊ. त्यातले तीन-चार प्रश्न घेऊ आणि त्यांची कुंडली काढू.

पहिला, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का?’ हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाआधी कुणी विचारणं शक्यच नव्हतं, कारण औषधच बाजारात नव्हतं. युद्धानंतर पेनिसिलिन सर्वसामान्यांना मिळू लागलं, लाखो जीव वाचले, आणि त्याच वेळी काही माणसं एका इंजेक्शनने दगावली. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशात पेनिसिलिन बनायला लागलं. औषध घरोघरी पोचलं की त्याच्या मागोमाग हा प्रश्नही पोचणारच.

दुसरा, ‘हृदयाच्या झडपेचा काही त्रास?’ १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवलं की दात काढल्यावर लगेच तोंडातले जंतू काही काळ रक्तात सापडतात. निरोगी माणसाला त्याचं काही होत नाही. पण ज्याची झडप आधीच खराब आहे, तिथे हे जंतू जाऊन चिकटू शकतात आणि हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग होऊ शकतो. म्हणून १९५५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, अशा रुग्णांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्या. झालं, फॉर्ममध्ये ‘लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला होता का?’ हा प्रश्न बसला तो बसलाच.

आणि मग २००७ साली त्याच संस्थेने सांगितलं, आता सगळ्यांना अँटिबायोटिक नको. ज्यांना कृत्रिम झडप आहे, ज्यांना असा संसर्ग आधी होऊन गेलाय, काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष आहेत, अशा सर्वांत जास्त धोक्याच्या रुग्णांपुरतंच ठेवा. म्हणजे प्रश्न बदलायला हवा. आता ‘हृदयाचा त्रास आहे का?’ एवढं मोघम विचारून भागत नाही. ‘झडप बदललीय का?’ असं नेमकं विचारायला लागतं. ज्या दवाखान्याने २००७ नंतर आपला फॉर्म उघडून बघितलाच नाही, तिथे अजून १९५५ चाच प्रश्न बसलाय.

तिसरा, ‘हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?’ हा तर अगदी तुमच्या वयाचा प्रश्न. २००३ मध्ये मायामीचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांना बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं दिली होती, आणि त्यांच्या जबड्याचं हाड मेलं होतं, उघडं पडलं होतं. अनेकांच्या बाबतीत दात काढल्यानंतर. मुख्य धोका कॅन्सरच्या उपचारात शिरेतून जे मोठे डोस देतात त्यांचा. हाडांसाठी घेतात त्या गोळ्यांत धोका बराच कमी, पण शून्य नाही. आता सांगा, आजीला दाताच्या डॉक्टरने विचारलं, ‘काही आजार?’, तर ती हाडाच्या गोळीचं सांगेल का? तिला वाटणार, गुडघ्याचा आणि दाताचा काय संबंध. म्हणून तो प्रश्न वेगळा, नाव घेऊन विचारावा लागतो.

थोडक्यात, फॉर्म म्हणजे जुन्या वाड्याची भिंत. एका थरावर दुसरा थर. कुठला थर पाडायचा आणि कुठला ठेवायचा, हे ज्याला भिंत कशी उभी राहिली ते माहीत आहे त्यालाच कळतं.

बँगोरमधलं एक खरं उत्तर

आता आजची मुख्य गोष्ट. आत्तापर्यंत आपण फॉर्म विचारतो कसा ते बघितलं. पण कुणी खरं उत्तर दिलं तर काय होतं?

१९८० च्या दशकात एड्सची भीती पसरली. भीती इतकी की दवाखान्यांच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न आला. खरं तर अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणेने १९८७ पर्यंत स्पष्ट सांगितलं होतं की प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्ग असलेलं आहे असंच समजून हातमोजे घाला, मास्क लावा, अवजारं निर्जंतुक करा. का? कारण कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय म्हणून हातमोजे न घालणं हा वेडेपणा. म्हणजे डॉक्टरच्या संरक्षणासाठी त्या उत्तराची गरजच उरली नव्हती. उरली होती ती रुग्णाच्या उपचारासाठी, औषधं ठरवण्यासाठी.

१६ सप्टेंबर १९९४. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथलं बँगोर गाव. सिडनी ॲबट नावाची तरुणी डॉ. रँडन ब्रॅग्डन यांच्या दवाखान्यात दात दाखवायला गेली. तिला एचआयव्हीचा संसर्ग होता, पण लक्षणं काही नव्हती. तिने नोंदणीच्या फॉर्मवर ते खरं खरं लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं, एक दात किडलेला सापडला. आणि मग सांगितलं, एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा दात मी माझ्या दवाखान्यात भरत नाही. रुग्णालयात भरून देईन. माझी फी जास्त घेणार नाही, पण रुग्णालयाचा खर्च तुमचा.

एक साधी कीड. दात भरायचा. आणि तिला रुग्णालयाचा खर्च का पडणार होता? कारण तिने फॉर्म प्रामाणिकपणे भरला.

ती कोर्टात गेली. अमेरिकेत १९९० साली अपंगत्व असलेल्या लोकांशी भेदभाव करू नये म्हणून कायदा झाला होता, त्याचा आधार तिने घेतला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २५ जून १९९८ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. न्यायालय म्हणालं, लक्षणं दिसत नसली तरी एचआयव्ही या कायद्याच्या संरक्षणात बसतो. डॉक्टरला खरोखर धोका होता का, हा मुद्दा त्यांनी खालच्या कोर्टाकडे परत पाठवला, आणि तिथेही निकाल ॲबटच्याच बाजूने गेला. आणखी एक गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केली. धोका आहे की नाही हे डॉक्टरच्या मनाला काय वाटतं त्यावर ठरत नाही, उपलब्ध वैद्यकीय पुराव्यावर ठरतं.

ही गोष्ट मी एवढी लांबवून का सांगतोय? कारण फॉर्म हा व्यवहार आहे. रुग्ण आपली सगळ्यात खासगी माहिती देतो, आणि बदल्यात अपेक्षा करतो की ती माहिती माझ्या भल्यासाठी वापरली जाईल. दुसरी बाजू मोडली की पहिलीही मोडते. खरं बोलल्याची शिक्षा मिळते हे एकदा पसरलं की उद्या कोण खरं लिहील? आणि खोट्या फॉर्मवर केलेले उपचार सगळ्यांनाच महाग पडतात.

आपल्याकडे याला २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने उत्तर दिलं. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. आरोग्यसेवेत भेदभाव करायला या कायद्याने बंदी आहे, आणि स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायची सक्ती कुणावर करता येत नाही, न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. आता विचार करा. एखाद्या दवाखान्याने परदेशी सॉफ्टवेअर घेतलं, त्यात तो प्रश्न लाल चांदणी लावून ‘भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असा ठेवलेला. सेटिंगमधली एक चांदणी, पण तिथे थेट कायद्याशी गाठ पडते.

संगणकाने चार पर्याय दिले होते

आता सॉफ्टवेअरकडे. तुम्हाला वाटत असेल, रुग्णाने स्क्रीनवर फॉर्म भरणं हे स्मार्टफोननंतरचं. चूक! १९६० च्या दशकातच विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक नावाच्या डॉक्टरने ‘लिंक’ नावाच्या संगणकावर रुग्णांना बसवलं. १९६६ साली त्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय ॲलर्जीचा. स्क्रीनवर प्रश्न यायचा, रुग्ण बटण दाबायचा, उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलायचा, आणि शेवटी डॉक्टरसाठी सारांश छापून निघायचा.

आणि आता ती गोम आठवा. स्लॅक यांच्या यंत्रात उत्तरं दोन नव्हती, चार होती. हो. नाही. माहीत नाही. कळलं नाही. ‘कळलं नाही’ दाबलं की यंत्र समजावून सांगायचं.

साठ वर्षांपूर्वी! त्या काळच्या संगणकाने जो मान रुग्णाला दिला, तो आजच्या कित्येक ॲपमध्ये नाही. नंतर असं का झालं? कारण दवाखान्यांत संगणक शिरला तो रुग्णाशी बोलायला नव्हे, बिलं करायला. १९८० च्या दशकापासून डेंटिस्टांच्या टेबलावर संगणक येऊ लागले, ते आधी अपॉइंटमेंट, हिशेब आणि विम्याचे दावे यांसाठी. फॉर्म मागाहून आला, तोही बऱ्याचदा कागदाची नक्कल म्हणून. कागदावर चौकोन होता, स्क्रीनवरही चौकोन आला.

आणि इथे एक बारीक पण जीवघेणा फरक पडला. कागदावर रुग्णाने एखादा प्रश्न सोडला, तर ती रिकामी जागा डोळ्यांना दिसते. डॉक्टर विचारतो, अहो, हे राहिलं. स्क्रीनवर न टिकलेला चौकोन दिसला, तर त्याचा अर्थ काय? ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नाही’, की ‘रुग्णाने प्रश्न वाचलाच नाही’, की ‘रिसेप्शनवर घाई होती’? तिन्ही गोष्टी स्क्रीनवर हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून जाणकार मंडळी एकटा चौकोन ठेवत नाहीत, ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन वेगळी बटणं ठेवतात, आणि दोन्ही कोरी असली तर फॉर्म पुढे सरकू देत नाहीत. स्लॅक यांच्या चारपैकी तिसरं बटण, ‘माहीत नाही’, तेही परत आणलं तर फारच उत्तम.

फॉर्म आपल्या हाताने बनवायची मुभा

मग फॉर्म बदलायची मुभा दवाखान्यांना मिळाली. उदाहरण द्यायचं तर ‘ओपन डेंटल’ हे ओरेगन राज्यातल्या सेलम गावी एका डेंटिस्टनेच सुरू केलेलं सॉफ्टवेअर. त्यात ‘शीट’ नावाची सोय आहे. कोरं पान घ्या, त्यावर हवी तिथे अक्षरं, चौकोन, सहीची जागा मांडा. इतरही अनेक सॉफ्टवेअरमध्ये अशी प्रश्नावली बनवता येते.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, चौकोन नुसता काढून चालत नाही, तो जोडावा लागतो. फॉर्मवरचा ‘सल्फाची ॲलर्जी’ हा चौकोन रुग्णाच्या ॲलर्जीच्या यादीला जोडला, तरच ती माहिती डॉक्टर औषध लिहिताना समोर येणार. नुसतं सुंदर अक्षरात लिहिलेला, कशालाच न जोडलेला चौकोन म्हणजे भिंतीवर काढलेला दरवाजा. दिसतो छान, उघडत नाही.

दुसरी, इशाऱ्यांची शिस्त. प्रत्येक उत्तरावर लाल पट्टी लावली की डॉक्टर दोन दिवसांत ती बघणं सोडून देतो. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू’ याला लाल पट्टी हवी, ‘कधीकधी डोकं दुखतं’ याला नको.

तिसरी, जुन्या सह्या. आज फॉर्म बदलला म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणी सही केलेला फॉर्म बदलता कामा नये. तेव्हा काय विचारलं होतं आणि त्याने काय सांगितलं होतं, हे जसंच्या तसं राहिलं पाहिजे. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

भाषेचं काय? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचं डेंटल कॉलेज आहे. तिथल्या लोकांनी आपला हेल्थ हिस्टरी फॉर्म अनेक भाषांत करून ठेवलाय, आणि युक्ती बघा: प्रत्येक भाषेत प्रश्नांचे क्रमांक तेच. रुग्ण आपल्या भाषेत भरतो, डॉक्टर इंग्रजी प्रत शेजारी ठेवून क्रमांकावरून वाचतो. यंत्र नाही, ॲप नाही, फक्त क्रमांक. कधीकधी उपाय इतकाच साधा असतो.

मिश्री विचारली का?

आता आपल्या अंगणात येऊ. समजा, अमेरिकेतला फॉर्म घेतला आणि त्याचं मराठी केलं. झालं काम? मुळीच नाही.

‘तुम्हाला उच्च रक्तदाब आहे का?’ असं विचारलं तर गावाकडची मावशी ‘नाही’ म्हणू शकते. ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ विचारा, लगेच ‘हो, सकाळी एक’. आपल्याकडे मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतात आणि यकृताच्या संसर्गाची चौकशी ‘कावीळ झाली होती का?’ अशीच होते. शब्दकोशातला शब्द बरोबर असतो, पण उत्तर चुकीचं येतं.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तंबाखूचं. परदेशी फॉर्म विचारतो, ‘धूम्रपान करता का?’ आपल्याकडच्या किती बायका सिगारेट ओढतात? उत्तर ‘नाही’. पण त्याच घरात सकाळी मिश्री लावली जाते. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, दातांना आणि हिरड्यांना घासायची. लावणारीला वाटतं आपण दात घासतोय, हे काही व्यसन नाही. पुरुष तंबाखू-चुना मळतात, पोरं सुपारी आणि गुटखा चघळतात. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण फॉर्मने विचारलं नाही म्हणून तोंडातली पुडी काही नाहीशी होत नाही.

आणि हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे? १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंडातला एक आजार भारतात प्रथम नोंदवला. गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. आज आपण त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. त्याचं मुख्य कारण सुपारी, आणि पुढे त्यातून तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका असतो. म्हणजे आजार इथे नोंदवला गेला, रुग्ण इथे आहेत, आणि आपल्या टॅबलेटवरचा फॉर्म मात्र विचारतोय, तुम्ही सिगारेट ओढता का!

म्हणून आपल्याकडचा फॉर्म बनवताना ‘तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा, सुपारी: यांतलं काय, दिवसातून किती वेळा, किती वर्षं?’ असा प्रश्न हवा. तोही ‘वाईट सवयी’ या मथळ्याखाली नको. ‘वाईट’ म्हटलं की माणूस लपवतो. सिडनी ॲबटच्या गोष्टीतून जे शिकलो ते इथेही लागू आहे. लाजवणारा फॉर्म खोटी उत्तरं गोळा करतो.

आणखी एक. आपल्याकडे फॉर्म भरतं कोण? बऱ्याचदा बरोबर आलेला मुलगा, सून किंवा तुमच्यासारखी नात. आईचं डोळ्यांचं ऑपरेशन आठवतं, पण ती चार वर्षांपासून घेते ती छोटी पांढरी गोळी कसली, ते माहीत नसतं. आणि सासूबाई शेजारी बसल्या असताना ‘गरोदर आहात का?’ या चौकोनावर टिक करणं सोपं नसतं. काही प्रश्न फॉर्मवर असूनही खुर्चीवर एकटं असतानाच विचारावे लागतात. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांतला प्रश्न शेवटी माणसानेच विचारायचा असतो.

जाता जाता

तर मंडळी, १८४० मध्ये दात आणि शरीर यांची कॉलेजं वेगळी झाली, आणि तेव्हापासून आपण त्यांच्यामध्ये कागदाचा, मग काचेचा पूल बांधतोय. या पुलाची एक बाजू दवाखान्याने सांभाळायची: बरोबर प्रश्न, आपल्या भाषेत, लाज न आणता, आणि मिळालेल्या उत्तराची इज्जत ठेवून. दुसरी बाजू आपण.

आपल्या बाजूचं काम फार नाही. घरातल्या सगळ्यांच्या चालू गोळ्यांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा. कुठल्या औषधाने कधी अंगावर पुरळ उठलं असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि फॉर्ममधला प्रश्न कळला नाही, तर ‘नाही’वर टिक करू नका. रिसेप्शनवर सरळ सांगा, ‘हे मला कळलं नाही’. १९६६ च्या यंत्राने तो हक्क दिला होता, आपण तो मागून घ्यायला काय हरकत आहे?

तुमच्या आजीला मिश्रीचं कुणी कधी विचारलं होतं का, ते नक्की कळवा. भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा जो सगळीकडे ‘नाही’वर टिक करून मोकळा होतो. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत दात घासत राहा, पेस्टने!